मामांना सोबत हवी

आमच्या मामांइतका भित्रा माणूस देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर दोघे एकमेकांना बघून दोन दिशांना पळतील. मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. नोकरी संपल्यावर मी त्यांच्या वाडीत, कट्टा गावाच्या अलीकडे, निवांतपणासाठी घर बांधलं. शेजारी मामा असल्यावर निवांतपणा कसला! मामांकडे स्कूटर नाही, सायकलसुद्धा नाही, पण हेल्मेट आहे. नारळ डोक्यात पडेल म्हणून माडांखालून ते हेल्मेट घालूनच जातात. मामींनी मिक्सर लावला की तो थांबेपर्यंत खळ्यात, म्हणजे अंगणात, उभे राहतात. पायवाटेवर टाळ्या वाजवत चालतात आणि न दिसणाऱ्या सापाला अदबीने सांगतात, "जातंय रे बाबा, तू तुझ्या वाटेन जा." एकदा गंमत म्हणून मी मागून त्यांच्या पोटरीला ओला दोर लावला. मामा असे किंचाळले की मीच दचकून शेणाच्या खड्ड्यात गेलो. मला वर काढायला त्यांनी हात काही दिला नाही, विंचू असेल म्हणून. पण बोंब मारून अर्धी वाडी जमवली. माझी वाडीशी पहिली ओळख झाली ती अशी, कंबरेपर्यंत शेणात उभा असताना.

आता हाच माणूस परोपकारी नसता तर सगळं सोपं होतं. पण कोणाला ताप आला, कोणाचा पंप बंद पडला, की मामांचा जीव वरखाली व्हायचा. जायचं तर असायचंच, आणि एकट्याने जायची छाती नसायची. बाबीकडे जायचं तर त्याचा कुत्रा. मग सोबतीला सुर्या. सुर्याचा पंप बघायचा तर करंटची भीती; मग सोबतीला बाबी. हे दोघे चुलतभाऊ. मधला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, कोणी कोणाच्या हद्दीत सरकवला यावरून त्यांच्यात कित्येक वर्षं अबोला होता. बाकीच्या वाडीचंही तेच. निम्मी घरं मुंबईला आणि उरलेली आपापल्या टीव्हीसमोर. कोणी कोणाच्या खळ्यात पाय टाकत नव्हतं. टाकायचे ते मामांच्या सोबतीला म्हणून. बाबी आणि सुर्या एकाच ओसरीवर यायचे, पाठीला पाठ लावून बसायचे आणि जे बोलायचं ते मामांकरवी. "मामा, त्येका सांगा, पाना दी." हातभर अंतरावरचा पाना मामांच्या तोंडातून फिरून यायचा.

मी या सगळ्याला हसत असे. भीती हा केवळ मनाचा खेळ आहे, यावर मी मामांना बरंच ऐकवलं होतं. ते हेल्मेट काखेत धरून निमूट ऐकून घेत.

श्रावणातल्या एका सकाळी ते माझ्या दारात आले तेव्हा हेल्मेट नव्हतं. तोंड पांढरं पडलं होतं. "जावयानू, काकीच्या न्हाणीतसून धूर येणा नाय."

काकी ही व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडची एकटी म्हातारी. मुलगी जामसंड्याला दिलेली. काकीकडे गॅस होता, पण आंघोळीचं पाणी ती चुलीवरच तापवायची, आणि तो धूर बघितल्याशिवाय मामा चहाला तोंड लावत नसत.

"झोपली असेल," मी म्हणालो.

"ती? कोंब्याक उठवणारी बाय ती! माका भय वाटता. चला."

मला पाय बाहेर काढायचा नव्हता. रात्रभर पाऊस कोसळला होता. पण मामांनी तोवर बाबीला हाक मारली होती, आणि बाबीला काही धड सुचेना म्हणून सुर्यालाही. व्हाळाशी आलो आणि माझी बोबडी वळली. पाणी तांबडं, फुगलेलं, आणि त्यावर पोफळीच्या खोडांचा साकव, शेवाळाने तकाकणारा. आमच्या हाका पाण्याच्या आवाजात विरून जात होत्या. पलीकडून काही नाही. पावसाळ्यात मामांनी कधी त्या साकवावर पाय ठेवला नव्हता. त्यांनी बाबीच्या शर्टाचं टोक धरलं, डोळे मिटले आणि निघाले. मागोमाग सुर्या. भीती हा मनाचा खेळ म्हणणाऱ्या मी मधोमध पोचल्यावर खाली पाहिलं, आणि तिथेच बसलो. उरलेला साकव मी बसूनच, इंच इंच सरकत ओलांडला. माझ्या लेंग्याचं काय झालं ते सांगत नाही.

काकी न्हाणीत पडली होती. पहाटे घसरली, खुबा मोडला असावा; ओरडून ओरडून आवाज बसला होता. अंग बर्फासारखं. मामांनी तिचा हात धरला तो सोडेचनात. "मेले नाय मी," काकी पुटपुटली, "तू कित्याक रडतस?"

ॲम्ब्युलन्स यायची ती डांबरी रस्त्यापर्यंत, म्हणजे पुन्हा साकव. काकीला घोंगडीत गुंडाळून लाकडी खुर्चीला बांधली. पुढे बाबी, मागे सुर्या, त्याच्या पाठीला चिकटून मामा, आणि शेवटी काकीचं गाठोडं घेऊन पुन्हा बसलेला मी. पाणी आणखी चढलं होतं. खोडांना खालून ठोसे बसत होते.

"माका व्हाळात टाकल्यात," काकी म्हणाली, "तर भूत होवन तुमच्या त्याच गडग्यार बसतलंय."

मधोमध खुर्ची कलली. बाबी मागे न बघता ओरडला, "मामा, त्येका सांगा, उजवी बाजू उचल!"

मामांचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता. खुर्ची आणखी कलली. काकीचा एक पाय पाण्यावर लोंबला.

"मामा, सांगा त्येका!"

"आयकलंय रे!" सुर्या गरजला. "उचललंय. तू फुडे बघ मेल्या, पाय निसरतलो तुझो!"

बाबी थांबला. मला वाटलं, आता संपलं.

"डावो पाय आदी," तो म्हणाला, "माझ्याबरोबर टाक."

"टाकतंय."

"आता उजवो."

"हां."

तसे ते बोलत बोलत पलीकडे गेले.

ॲम्ब्युलन्समधून काकीबरोबर बाबी आणि सुर्या दोघेही गेले. कोणी एकानेच जायचं हे ठरवायला दोघांनाही सुचलं नाही.

काकी वाचली. ती आता मुलीकडे काठी घेऊन चालते आणि फोनवर मामांना शिव्या घालते. पण तिला इकडे एकटी राहू द्यायला मुलगी तयार नाही. घराला कुलूप लागलंय. बाबी आणि सुर्याने साकवाला बांबूचा कठडा केला. तो करताना दोघे इतके भांडले की ऐकून बरं वाटलं.

परवा संध्याकाळी मामा व्हाळाच्या काठावर बसलेले दिसले. मी म्हटलं, "मामा, आता तिकडे कोणीच नाही. आता तरी भीती नाही ना?"

मामांनी त्या बंद घराकडे बोट केलं.

"कोणच नाय," ते म्हणाले, "ताचाच भय वाटता."

एरवी मी यावर काहीतरी बोललो असतो. त्या दिवशी त्यांच्याजवळ सरकून बसलो. पलीकडे काळोख उतरत होता आणि आमच्यापैकी कोणीच आधी उठायला तयार नव्हतं.