जात्यावर बसलेली पोर

कोणाच्या घराचे कवेलू, म्हणजे छपरावरची कौलं, उतरताना दिसले की मी अजून थबकते आणि त्यांचं जातं कुठे आहे ते पाहते. नातवंडं हसतात. हसू द्या. ज्या पोरीमुळे ही खोड मला लागली, ती त्यांनी पाहिलेली नाही. शेंबडी, हट्टी, आणि आपल्याला सगळं कळतं असं समजणारी. ती पोर म्हणजे मीच.

नागपूरच्या पलीकडे, आमच्या धानाच्या मुलखातल्या गोरेगावात तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि शाळेच्या पडवीत नवा बालवर्ग निघाला होता. बाई नागपूरकडच्या. त्या पाटी-पेन्सिल काढूच देत नसत. ओली माती पुढ्यात ठेवून म्हणायच्या, "करा बघू आपापलं घर!" आमच्या मायला हे पसंत नव्हतं. "मातीतच खेळवायचं, तं मंग शाळेत कायले धाडाव?" असं ती म्हणे. पण मी घरी नसले की तिला सुख होतं, म्हणून धाडायची.

आमच्या शेजारी एक विणकर राहत. त्यांची पोरगी माझी मैत्रीण. एका सकाळी त्यांच्या घरावर माणसं चढली. कवेलू उतरले, लाकडी मयाली, म्हणजे छपराच्या तुळया, उतरल्या, सगळं बैलबंडीत चढलं. शेवटी तिच्या मायनं जातं उचलायला लावलं, त्या जागेवर हळद वाहिली, आणि बंडी हलली. नागपूरच्या गिरणीत काम मिळालं होतं म्हणे. मैत्रीण सामानाच्या ढिगावर बसली होती. आदल्या दिवशी आम्ही बाहुलीचं लग्न ठरवलं होतं, आणि हिनं मला काही सांगितलं नव्हतं. मला वाटतं, तिलाही कोणी सांगितलं नसावं. मागे नुसत्या भिंती राहिल्या. त्यांत बकऱ्या शिरायच्या.

पुढे उन्हाळा आला, शाळा सकाळची झाली. एक दिवस मी निघाले तर आमच्याच घराला शिडी लागलेली. बाबा वर, काका खाली, आणि कवेलू हातोहात उतरत होते.

"माय, कवेलू काऊन काढून राहिले?"

"मधामधात नोको येऊ. जाय तू शाळेत."

बस्स, एवढंच. दर साल पावसाआधी कवेलू फेरतात, फुटके काढून नवे घालतात, हे त्या शेंबड्या बाईसाहेबांना, म्हणजे मला, ठाऊक नको? मागल्या साली झालं तेव्हा ही मामाच्या गावी आंबे खात होती. मला एवढंच दिसलं की माय माझ्याकडे न पाहता बोलली. म्हणजे लपवून राहिली.

वर्गात बाईंनी विचारलं, "घराला काय काय लागतं?"

"कोंबड्या!" एक जण ओरडला.

"आजी!" दुसरा.

बाई हसल्या. "अरे, भिंती लागतात, दार लागतं आणि वर छप्पर. छप्पर नसेल तर ते घर नाही, नुसत्या भिंती."

माझ्या हातातलं मातीचं घर मी इतकं आवळलं की त्याचा लाडू झाला. मला बंडी दिसायला लागली. त्या ढिगावर माय, बाबा, आजी, काखेतला भाऊ, सगळे. मी सोडून. मी शाळेत असतानाच निघायचं ठरलं असेल, नाहीतर आज इतक्या घाईनं कशाला धाडलं? बाई पाठमोऱ्या झाल्या आणि मी पळाले. चपला होत्याच कुठे, धुळीनं तळपाय भाजत होते.

अंगणात पाहते तर घर आत नव्हतंच, सगळं बाहेर! हंडे, उतरंडी, गाठोडी, भावाचा पाळणा. दारात बंडी, तिच्यात कवेलू. कुंभाराकडून नवे आले होते, पण मला वाटलं आमचेच चढले. निंबाखाली जातं होतं. जातं सगळ्यात शेवटी चढतं, म्हणजे अजून वेळ होती! मी धावले आणि जात्यावर बसकण मारली.

मायनं कपाळ बडवलं. "जात्यावर बसते का कोणी! लक्ष्मी आहे ते! ऊठ!"

"नाई उठत."

"अवो, कोंबडी अंड्यावर बसली," आजी म्हणाली. "आता पिल्लं निंगल्याबिगर उठत नाई."

तेवढ्यात बाई आल्या, घामाघूम, मागे सगळा वर्ग. पोरगी हरवली म्हणून त्यांचा चेहरा उतरला होता. सगळ्यांसमोर बाबा शिडीवरून उतरून माझ्यापुढे उकिडवे बसले.

"कायले बसून राहिली, पोरी?"

"मी उठली का तुमी मले सोडून निंगून जासान."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बाबांनी शेजारच्या उघड्या भिंतींकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग मायकडे. मायनं पदर तोंडाला लावला. बाबा म्हणाले, "बस मंग. कवेलू पुरे चढू दे. तवा ऊठ."

मी बसले. वर्ग तिथेच अंगणात भरला. बाईंनी पोरांना उघड्या छपराचे वासे आणि बांबू दाखवले. मला जात्यावरूनच दिसले. भातही मी तिथेच खाल्ला. मधे लघवीला लागली तर आजीला माझ्या जागी बसवून गेले, आणि पळत परत आले. माझा आजीवरही भरवसा नव्हता, तीही बंडीत बसणारी!

ऊन कलताना बाबांनी शेवटचा कवेलू बसवला आणि वरून ओरडले, "पाह्य बरं, झालं का घर?" मी मान वर करून नीट तपासलं. मग उठले.

पुढे बारा-तेरा वर्षांची झाले आणि लग्न लागलं. तेव्हा बंडी दारात आली ती खरंच माझ्यासाठी. घरावर कवेलू जागच्या जागी होते, आणि जातंही आत आपल्या जागेवर. मी बंडीत चढले तसे बाबा जवळ आले. आयुष्यभर चेष्टा केली त्यांनी, तेव्हा कशी सोडतील?

"काऊन वो," ते म्हणाले, "आज नाई बसत का जात्यावर?"

आणि हसायला तोंड उघडलं, पण हसू निघेना, आणि बंडीची कड त्यांच्या हातून सुटेना.