पास्कूअंकलांनी चुका सोडल्या

पास्कूअंकल माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य असं होतं: "बाय, तुझ्या बॅगेचा डावा पट्टा उजव्यापेक्षा दोन बोटं लांब आहे. खांदा दुखत असेल."

चंडीगडमधला माझा पहिलाच रविवार होता. चर्चच्या फाटकाबाहेर उभी राहून मी आईशी फोनवर मराठीत बोलत होते. इथे आपल्याला कोणी ओळखत नाही, या विचाराने मला फार हलकं वाटत होतं. खांदा खरंच दुखत होता. कॉलेजपासून दुखत होता. मी पट्टा ओढून सारखा केला. त्यांनी समाधानाने मान हलवली आणि ते आत गेले. माझं नाव विचारायचं त्यांना पुढच्या रविवारी सुचलं.

अंकल मूळचे वसईकडचे. तीस वर्षं हवाई दलात होते आणि त्यातली बरीचशी उड्डाणाआधी विमान तपासण्यात गेली. विमानात काही बिघाड सापडला की त्याला तिथे 'स्नॅग' म्हणतात. निवृत्तीनंतर ते चंडीगडला लागूनच असलेल्या पंचकुल्यात घर घेऊन राहिले. विमानं मागे राहिली, नजर मात्र सोबत आली. वेदीवरची कलती मेणबत्ती, फादरांच्या झग्याची उसवलेली शिवण, शेजारणीच्या कुकरची सैल शिट्टी, त्यांच्या तावडीतून काही सुटत नसे. जाऊ दे हो, लहानशी गोष्ट आहे, असं कोणी म्हणालं की ते शांतपणे म्हणत, "स्नॅग लहान नसतो. लहान असतं ते आपलं लक्ष."

त्यांचा आवाज कधी चढत नसे आणि तोंडात वावगा शब्द नसे. हेच जास्त अवघड होतं. रागावणाऱ्या माणसावर उलट रागावता तरी येतं. अंकल दोन्ही हात पाठीशी बांधून, हळू आवाजात, तुमचंच भलं करून पुढे जात.

माझं त्यांच्याशी जमलं, कारण मी उलट बोलत नाही. मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, संपल्यावर ते आणि त्यांची बायको लुसीआंटी मला जेवायला घरी नेत. माझी भाकरी कुठे जाड आणि कुठे पातळ ते अंकल सांगत आणि मी ती खात असे. आंटी म्हणायची, "तू येतेस तेवढ्या दिवशी मला सुट्टी मिळते."

त्यांच्या घरातलं दुखणं मला आंटीनेच सांगितलं. त्यांची एकुलती एक मुलगी शेरॉन पुण्याला असते. दोन वर्षांपूर्वी ईस्टरला ती आली होती. अंकलांनी तिच्या सुटकेसची चाकं तपासली, मग तिने केलेला केक, मग तिची नोकरी. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने सुटकेस भरली आणि ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही मला घरी बोलावत नाही, तपासायला बोलावता." तेव्हापासून ती फक्त आंटीला फोन करायची. अंकल बाजूच्या खुर्चीत पेपर धरून बसत आणि फोन संपेपर्यंत त्यांचं पान उलटत नसे.

या वर्षी उपवासकाळाच्या आधी आंटीने तिला ईस्टरला बोलावलं. शेरॉन म्हणाली, बघते, पण पप्पा आहेत तसेच असतील तर मी दुसऱ्या दिवशी निघेन आणि मग मला परत बोलावू नकोस.

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, आमच्यात प्रत्येक जण काहीतरी सोडतो. कोणी मटण सोडतं, कोणी गोड. अंकलांनी आजवर बरंच काही सोडलं होतं, आणि आंटीच्या मते त्याचा भार नेहमी तिच्यावर पडला होता. "चहा यांनी सोडला, डोकं माझं दुखलं," असं ती सांगायची. या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावर राखेचा क्रूस घेऊन, अंकलांनी चर्चच्या पायरीवर जाहीर केलं की ईस्टरपर्यंत ते कोणाची चूक काढणार नाहीत.

आंटीने विचारलं, बोटाने दाखवणार का? त्यांनी विचार करून बोटही सोडलं. भुवईचं काय, असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले की भुवई त्यांच्या हातात नाही.

माझ्या कपाळावरचा क्रूस त्या दिवशी तिरका आला होता. ते त्याच्याकडे बघत राहिले, मग खिशातून लवंग काढून दाताखाली धरली. हा त्यांचा उपाय होता. बोलायची हुक्की आली की लवंग. आठवड्याभरात त्यांच्या आसपास दंतवैद्याच्या खोलीसारखा वास यायला लागला. त्या बुधवारीच ऑफिसमध्ये माझ्या मैत्रिणीने, अरे यार माथे पे कुछ लगा है, म्हणत तो क्रूस टिश्यूने पुसून टाकला. मी तिला काही सांगितलं नाही. अंकलांना हे कळलं तेव्हा त्यांना दोन लवंगा लागल्या.

शेजारचे ढिल्लोंसाहेब रोज गाडी तिरकी लावत आणि अंकल रोज त्यांना बोलावून ती सरळ करायला लावत. चौथ्या दिवशी ढिल्लोंसाहेब दारात आले आणि आवाज बारीक करून आंटीला विचारू लागले, "भाभीजी, भाईसाहब ठीक तो हैं? तीन दिन से गाडी टेढी लगा रहा हूँ, कुछ बोले ही नहीं." आंटीने त्यांना उपवास समजावून सांगितला. ते भारावले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गाडी आदराने सरळ लावली.

पण अंकल हिशेबी माणूस. पहिल्याच आठवड्यात त्यांनी शोधून काढलं की उपवासाच्या चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत. खात्रीसाठी ते फादरांकडे गेले. फादर झारखंडचे, तिशीतले, हसरे. त्यांनी भोळेपणाने होकार दिला. झालं. अंकलांनी एक वही केली आणि सोमवार ते शनिवार दिसलेल्या चुका तिच्यात साठवायला लागले. रविवारी जेवणाआधी वाचन होई. आंटी मिक्सर लावून स्वयंपाकघरात उभी राहायची, मिक्सरमध्ये काही नसलं तरी. श्रोता म्हणून मी उरत असे. सोमवार, लुसी, तीन शिट्ट्या म्हणाली, चार झाल्या. मंगळवार, दूधवाला, हेल्मेटचा पट्टा उघडा. गुरुवार, मी स्वतः, मोजे वेगवेगळे. ही शेवटची नोंद वाचताना ते जरा खाकरले.

खरी कसोटी तिसऱ्या शुक्रवारी लागली. शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट करतात. येशूच्या शेवटच्या प्रवासाची चौदा चित्रं भिंतीवर लावलेली असतात आणि एकेका चित्रासमोर थांबून प्रार्थना होते. या प्रवासात येशू तीनदा पडतो. त्या आठवड्यात भिंती रंगवल्या होत्या आणि रंगाऱ्याने चित्रं परत लावताना सातवं नवव्याच्या जागी आणि नववं सातव्याच्या जागी टांगलं होतं. त्यामुळे येशू आधी तिसऱ्यांदा पडत होता आणि मग दुसऱ्यांदा. हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. फादरांच्याही नाही. सातव्या चित्रासमोर माझ्या शेजारी गुडघे टेकलेले अंकल थरथरायला लागले. पुढच्या रांगेतल्या केरळी नर्सने वळून बघितलं. तिला वाटलं, त्यांचं मन भरून आलंय. तिने त्यांना रुमाल दिला.

शुक्रवार रात्र आणि सगळा शनिवार त्यांनी ते पोटात ठेवलं. आंटी सांगत होती की झोपेत ते "सात, नऊ, सात, नऊ" म्हणत होते. रविवारी सकाळी सहा वाजता ते शिडी घेऊन फादरांच्या दारात उभे होते.

आणि तरी ते टिकले. हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण हसताना आम्ही ते विसरत होतो. एकाहत्तराव्या वर्षी हा माणूस स्वतःचा स्वभाव दाताखाली धरून बसला होता, आणि तो शेरॉनसाठी. तिकडून निरोप आला. ती येणार होती. ईस्टरच्या दिवशी सकाळी विमानाने येणार आणि बुधवारी परत जाणार.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या बरोबर आठवडाभर आधी, अंकल वही उघडून बसले होते आणि मी कोथिंबीर निवडत होते. मी सहसा आपणहून काही बोलत नाही, पण ती गोष्ट मला तीन दिवस टोचत होती. मी म्हणाले, "अंकल, शेरॉन ईस्टरला येणार ना? तुमचा उपवास तर ईस्टरला संपतो."

मिक्सर बंद झाला. आंटी दारात येऊन उभी राहिली. अंकलांनी वही मिटली. चाळीस दिवसांचं इतकं काटेकोर नियोजन केलेल्या माणसाने तो उपवास नेमका मुलगी येईल त्याच सकाळी संपवला होता. आयुष्यभर दुसऱ्यांचे स्नॅग शोधणाऱ्याला स्वतःचा दिसला नव्हता. मला वाईट वाटलं आणि हसूही आलं, म्हणून मी कोथिंबिरीत मान घातली.

ते तडक फादरांकडे गेले आणि उपवास बुधवारपर्यंत वाढवून मागू लागले. फादर म्हणाले, "अंकलजी, ईस्टर में तपस्या नहीं चलती. पचास दिन खुशी मनानी है." यावर अंकल म्हणाले, "फादर, मेरी खुशी ही तो यही है." शेवटी फादरांनी एवढंच सांगितलं की नियम आता मदतीला येणार नाही, जे करायचं ते त्याच्याशिवायच करा.

तो पवित्र आठवडा आंटीने सरावासाठी वापरला. घरातल्या सगळ्या तसबिरी तिने तिरक्या केल्या, लग्नाच्या फोटोसकट. घड्याळ सात मिनिटं पुढे केलं. अंकल त्या घरात मान वाकडी करून फिरत होते.

ईस्टरला आंटीने मला मुद्दाम बोलावलं. परक्यांसमोर हे जरा दबून असतात, असं ती म्हणाली. ते अजिबात खरं नव्हतं. शेरॉन सावळी, उंच, कमी बोलणारी निघाली. आत येताच तिने उंबऱ्याजवळचं पायपुसणं सरळ केलं. मी अंकलांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

आम्ही जेवायला बसलो. मटण होतं आणि आंटीने तळलेले मैद्याचे गोल फुगे होते. शेरॉनने लोणच्याच्या बरणीचं झाकण लावलं ते वाकडं, आटे न जुळवता. नंतर मला वाटलं की तिने ते मुद्दाम केलं असावं. अंकलांच्या कपाळावर घाम आला. ते मटणाबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले, ढिल्लोंसाहेबांच्या तब्येतीबद्दल बोलले. झाकण तसंच राहिलं. आम्ही चौघंही आळीपाळीने त्याच्याकडे बघत होतो.

शेवटी शेरॉनने घास खाली ठेवला. "पप्पा, सांगून टाका एकदाचं. काय चुकलंय?"

"काही नाही."

"पप्पा."

"एक आहे," अंकल म्हणाले. आंटीने डोळे मिटले. "तुझ्या तिकिटात आहे."

"तिकिटात काय?"

"परतीची तारीख चुकली आहे. बुधवार पडलाय."

शेरॉनने फोन काढून खरोखर तपासलं. मग म्हणाली, "बुधवारच आहे. मीच काढलंय."

"तेच म्हणतोय मी," अंकल ताटाकडे बघत म्हणाले.

शेरॉन बराच वेळ फोनवर काहीतरी खालीवर करत राहिली. मग तिने मान वर न करता, अगदी अंकलांच्याच सुरात विचारलं, "शनिवारचं मिळतंय. पण पहाटेचं आहे. चालेल?"

पहाटेच्या विमानाबद्दल अंकलांना काय काय म्हणायचं होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर एकापाठोपाठ एक दिसत गेलं. टॅक्सी, धुकं, खिडकीची बाजू. तोंड उघडलं. आम्ही तिघी थांबलो.

"छान आहे," ते म्हणाले.

हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. आंटीनेही बहुधा बऱ्याच वर्षांनी ऐकला असावा, कारण तिने घाईघाईने फुग्यांची परात पुढे सरकवली आणि म्हणाली, खा आता, गार होतील.

ते केव्हाच गार झाले होते. कोणी तिची चूक काढली नाही.