चमक हाय तवर

"चमक हाय तवर भरा, डॉक्टरसाहेब." दातात भरायचा मसाला कालवून झाला की ती एवढंच म्हणायची. चमक गेली की तो दाताला चिकटत नाही.

नेरच्या त्या दवाखान्यात मी तिच्या आधीपासून होते. हत्यारं उकळायची आणि कापसाचे बोळे वळायचे. दात कोरडा नसला तर मसाला धरत नाही, म्हणून माझ्या बोळ्यांना मान होता. मग ही आली. बाप गाड्या दुरुस्त करायचा. लगदा कालवून डिझेलच्या टाकीचं भोक बुजवायला त्याच्याजवळच शिकली होती. पूड आणि पातळ औषध प्लॅस्टिकच्या पट्टीनं घड्या घातल्यासारखी एकत्र करायची, अर्ध्या मिनिटात. डॉक्टर तिला रोज "वा" म्हणायचे. मला एकदाही नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, आल्या आल्या आपली जागा घेणारी. मी जळायचे. खोटं कशाला सांगू?

तेव्हा शेतातल्या कापसाला भाव नव्हता, लोकांच्या हाती पैसा नव्हता. लोक म्हणत, भरायची भानगड नको, दात उपटाच. ती समजावायची की या मसाल्यातून फ्लोराईड हळूहळू झिरपतं, दाताचं कवच टिकतं. आमच्या भागात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराईडनं पोरांचे दात पिवळे. मी सगळ्यांसमोर टोमणा मारला, पाण्यातलं दात खाते अन् बाटलीतलं वाचवते काय?

"मौशी, भाजीत मीठ किती टाकता, त्यावरच हाय ना सारं."

लोक मला हसले.

ती महागावला नात्यातल्या लग्नाला गेली, त्या दिवशी मसाला मी कालवला. तिच्याहून सरस करायचा म्हणून चटणीसारखा रगडला. चमक कधी गेली, कळलं नाही. डॉक्टरांनी घाईत भरला. तिसऱ्या दिवशी एका शाळकरी पोरीची आई निघालेला तुकडा रुमालात घेऊन आली. डॉक्टर मला म्हणाले, उद्यापासून येऊ नका.

ती परत आली होती. "साहेब, पुडीच्या बाटलीचं झाकण माह्याकडूनच ढिलं राह्यलं होतं, पुडीनं ओल धरली."

माझं काम वाचलं. तिला कोणी काढणार नाही, हे तिला ठाऊक होतं. मलाही. तेच जास्त झोंबलं.

बाहेर आल्यावर म्हणाली, "मौशी, तो मसाला हाय, चटणी नाही." आणि त्याच आठवड्यात माझी किडलेली दाढ भरून घ्यायला लावली. मसाला तिनंच कालवला. मी आभार मानले नाहीत.

पुढे लग्न होऊन ती नागपूरला गेली. निघाली तेव्हा मी आत बोळे वळत बसले.

आता माझे सगळे दात गेले. उरली ती एक दाढ, तिचा मसाला भरलेली. भाकर तिच्यावरच चावावी लागते.