वसुधाताईंचं आडनाव

कोणी आडनाव विचारलं की वसुधाताई उत्तर देऊन शांतपणे समोरच्याकडे पाहत राहायच्या. पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक असायचं. एकदा मी त्यांच्याबरोबर गॅस एजन्सीत गेले होते. खिडकीतल्या माणसाने विचारलं, "सरनेम?"

"हान."

"हाँ, सरनेम बताइए."

"हान."

"हाँ जी, वही तो पूछ रहा हूँ."

मागे रांगेत लोक हसायला लागले. वसुधाताई नाही हसल्या. खिडकीवर वाकून म्हणाल्या, "भैया, ह को आ की मात्रा, फिर न. हान. हाँ-हाँ करते रहोगे तो यहीं शाम हो जाएगी." मागे बापटकाका, म्हणजे त्यांचे यजमान, पिशवी घेऊन उभे होते. बापट म्हणून सांगितलं असतं तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण लग्नानंतरही वसुधाताईंनी हान हे आडनाव सोडलं नव्हतं, आणि काकांनीही ते कधी सोडायला लावलं नव्हतं.

उज्जैनच्या फ्रीगंज भागात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. मी बदली होऊन उज्जैनला आले तेव्हा डोकं दुखतं म्हणून तिथे गेले आणि पुढे वीस-बावीस वर्षं जात राहिले. वसुधाताई उंच, गोऱ्या, घाऱ्या डोळ्यांच्या. सुती साडी, टिकली, आणि तोंडात अस्सल उज्जैनचं मराठी. "बैस, मी आत्ता येऊन राहिली," असं आतून ओरडायच्या आणि पाच मिनिटांनी काच पुसत बाहेर यायच्या. त्या परक्या वाटायच्या त्या फक्त दुकानाच्या पाटीवरच्या हान ह्या नावामुळे.

त्यांची आई मराठी, सरकारी दवाखान्यात नर्स. वडील जर्मन ज्यू, डोळ्यांचे डॉक्टर. हिटलरच्या राज्यात ज्यू डॉक्टरांना काम करायची बंदी झाली तेव्हा ते एका बॅगेनिशी बोटीत बसले आणि फिरत फिरत माळव्यातल्या एका संस्थानाच्या दवाखान्यात आले. ही हकीकत वसुधाताई गिऱ्हाईक नसताना, फ्रेमचे स्क्रू आवळता आवळता सांगायच्या.

"हान म्हणजे कोंबडा," त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसले. "हास. बापटांकडचे सगळे हसले होते. मी त्यांना म्हटलं, कोंबडा निदान आरवतो तरी. तुमचं आडनाव काय करतं?"

फार पूर्वी फ्रँकफर्ट शहरात ज्यूंना एकाच अरुंद गल्लीत राहावं लागायचं. घरांना नंबर नव्हते, दारावर चित्रं असायची. कोणाच्या दारावर गरुड, कोणाच्या जहाज, कोणाच्या लाल ढाल. घराचं चित्र तेच हळूहळू माणसांचं आडनाव झालं. ह्यांच्या पूर्वजांच्या दारावर कोंबडा होता, असं वडील सांगत. "आपल्याकडे गावावरून आडनावं पडली, त्यांच्याकडे दारावरून," वसुधाताई म्हणायच्या. पण हान हे नुसतं ज्यूंचं आडनाव नव्हतं. ख्रिश्चन जर्मनांतही हान पुष्कळ. छाती काढून चालणाऱ्याला लोक कोंबडा म्हणत, ते त्याला चिकटे. कुठे योहान ह्या नावाचंच तोडून हान झालं. वडिलांच्या घरासमोरचा पाववाला ख्रिश्चन हान होता. दोघांची पत्रं कायम अदलाबदल व्हायची आणि ते एकमेकांकडे ती पोचती करायचे. "एका हानचं दुकान राहिलं," वसुधाताई म्हणायच्या, "दुसऱ्या हानला देश राहिला नाही. आडनावावरून काय ओळखणार तुम्ही माणसाला?"

ते सरकार नावांतही शिरलं होतं. ज्यू पुरुषांनी आपल्या नावात इस्रायल घालायचं, बायकांनी सारा, असा हुकूम निघाला. वडिलांनी बोटीत पाय ठेवला आणि ते इस्रायल पहिलं काढून टाकलं. इकडे युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांनी त्यांना जर्मन म्हणून काही महिने छावणीत कोंडलं. तिकडे ज्यू म्हणून हाकलले, इकडे जर्मन म्हणून धरले गेले. सुटून आल्यावर दवाखान्यातल्या मोठ्या साहेबांनी सुचवलं, डॉक्टर, एखादं सोपं नाव घ्या, लोकांना उच्चारता येत नाही. वडील म्हणाले, "त्यांना उच्चारता यायला लागेल." जर्मनीत मागे राहिलेली त्यांची आई आणि बहीण हिटलरच्या छावणीत मारल्या गेल्या, हे त्यांना युद्ध संपल्यावर कळलं.

हे सगळं मला माहीत होतं, म्हणून त्या दुपारी जे घडलं त्याचा मला जास्त राग आला. मी चष्म्याची दांडी बदलून घ्यायला बसले होते. तीन तरुण आत आले. गिऱ्हाईक नव्हते. पुढचा म्हणाला, "ये दुकान खान की है ना? ख का ह करके बोर्ड लगाया है."

वसुधाताईंनी त्याच्याकडे पाहिलं. "पहले बैठो," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काहीतरी होतं, तो बसला. "सामने पढ़ो. नीचे वाली लाइन." भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्यातल्या खालच्या दोन ओळी त्याला वाचता येईनात. "नंबर बढ़ गया है तुम्हारा. पहले चश्मा बनवा लो, फिर बोर्ड पढ़ना." मागचे दोघे हसले. तो उठला, पाटीचा फोटो काढला आणि निघून गेला.

मी म्हटलं, "ताई, सरळ सांगायचं ना, मी खान नाही म्हणून."

"का सांगू? खान असते तर त्यांनी येऊन विचारणं बरोबर ठरलं असतं?"

त्यांनी दांडीचा स्क्रू आवळला आणि चष्मा माझ्या हातात दिला.

तो फोटो फिरला. आठवड्याभरात दुकानाच्या जागेचे मालक आले. वसुधाताई त्यांना सेठजी म्हणत. वडिलांच्या वेळेपासूनचा घरोबा होता. "हमको तो मालूम है आप कौन हैं," ते म्हणाले, "पर लोग नहीं समझते. बोर्ड पर बापट लिखवा दीजिए. साहब का ही तो नाम है."

"सेठजी, मैं कौन हूँ ये आपको मालूम है ना? फिर लोगों को आप समझाइए."

सेठजींनी समजावलं नाही. भाड्याचा करार संपला तेव्हा तो वाढवलाही नाही. माझ्यासकट बऱ्याच जणांनी ताईंना गळ घातली की पाटी तेवढी बदला, एवढं चालतं दुकान आहे. त्या म्हणाल्या, "पाटी बदलली की उद्या ते आत येऊन अजून काही बदलायला सांगतील. मी नाही बदलून राहिली."

दुकान आवरायला मी गेले होते. फ्रेमी खोक्यांत भरून झाल्यावर त्या स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "बाबांची आई गेली, बहीण गेली. मला ना भाऊ, ना मूल. हे नाव घेऊन मी एकटीच उरले गं. मी मेले की आपोआप पुसलं जाणारच आहे. पण माझ्या हाताने मी का पुसू?"

नानाखेडा भागातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी दुकान मांडलं. पाटी आधीपेक्षा मोठी केली. धंदा निम्म्यावर आला आणि तो पुन्हा वर गेला नाही. जुनी गिऱ्हाइकं रिक्षा करून यायची. मी एकदा कमाईचं विचारलं, तर म्हणाल्या, "निम्मे तर निम्मे. जे येतात ते नाव नीट घेऊन येतात."

गेल्या थंडीत दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. तिसऱ्या दिवशी मी घरी गेले तेव्हा बापटांकडची मंडळी बसली होती. काकांचे पुतणे वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर वाचून दाखवत होते: आमच्या काकू, सौ. वसुधा बापट.

बापटकाका भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांना एवढ्या वर्षांत कधी कोणाचं बोलणं तोडताना पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "थांब. ते दुरुस्त कर."

"काका, लोकांना कळायला हवं ना कोण गेलं ते. हान लिहिलं तर कोणाला कळणार?"

"ज्यांना कळायला हवं त्यांना कळेल." काकांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला. "ह्या घरात मी एकटा बापट. ती हान होती. तसंच छाप."