लाईट नसताना पाहिलेला तिसरा राऊंड

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. कुणाच्या अंगात आलं की मी घड्याळ बघते... किती मिनिटं चाललं ते मोजायला. सांख्यिकी शिकवण्यात जन्म गेला माझा. या सदरातले पांढऱ्या साडीतल्या बाईचे आणि पाठीमागून येणाऱ्या पावलांचे किस्से वाचून मी हसते, खोटं कशाला बोलू. तरी आज लिहायला बसले, कारण माझ्या अनुभवात ना स्मशान आहे ना अमावास्या. भर दुपार आहे, टीव्ही आहे आणि बॉक्सिंग आहे. हो, बॉक्सिंगच.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आम्ही चिखलीचे. मी बी.ए. होऊन घरी बसले होते आणि वडील — आम्ही त्यांना दादा म्हणायचो — जळगाव जामोदचं एक स्थळ घेऊन हात धुऊन मागे लागले होते. मला पुढे शिकायचं होतं. रडारड, अबोला सगळं झाल्यावर तह झाला. पक्की नोकरी मिळाली तर लग्न लांबवून पुढे शिकायचं, नाही मिळाली तर मुकाट्याने बोहल्यावर चढायचं. नशिबाने एका संस्थेत हंगामी काम लागलं. टीव्हीवरचा कोणता कार्यक्रम किती लोक बघतात ते मोजायचं काम. सहा महिन्यांत एकही डायरी खोटी निघाली नाही तर पक्कं करू, असं नागपूरच्या साहेबांनी सांगितलं होतं. माझे पाच महिने पार पडले होते.

डायरी म्हणजे छापील वही. टीव्ही असलेल्या निवडक घरांत ती द्यायची. तिच्यात अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने. ज्या वेळी टीव्ही बघितला तिथे बरोबरची खूण करायची आणि शेजारी लिहायचं, 'घरातली किती माणसं बसली होती'. दर शनिवारी मी एसटीने गावोगाव फिरून वह्या गोळा करायची. आता 'घरातली माणसं' हा प्रश्न काढला कुणीतरी नागपुरात बसून. आमच्याकडे गावात टीव्ही सुरू झाला की अख्खी आळी आत, आणि जो चप्पल काढून बसला तो घरातला! चार माणसांच्या घरातून आकडा यायचा एकोणतीस. मी आधी भांडले, समजावलं, मग हात टेकले. साहेब पण म्हणाले, जाऊ द्या, बसलेली डोकी मोजा.

उंद्रीतलं माझ्या यादीतलं घर होतं सुभद्रामावशी वानखडेंचं. नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा दिनकर फौजेत. त्यानेच कॅन्टीनमधून शटरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आणून दिलेला. मावशींना लिहिता येत नव्हतं, म्हणून वही भरायचे शेजारचे डोंगरे गुरुजी, रिटायर मास्तर. इतका काटेकोर माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुणी मधेच पाणी प्यायला उठलं तर ते समासात लिहायचे, 'एक व्यक्ती पाच मिनिटे अनुपस्थित'.

दिनकर फौजेच्या संघातून बॉक्सिंग खेळायचा. त्या वर्षी मोठ्या स्पर्धेत तो पार सेमीफायनलला गेला आणि ती मॅच टीव्हीवर दाखवली, रविवारी सकाळी. त्या आठवड्याच्या वह्या बघून मी वेडी व्हायची बाकी होते. वडनेर भोलजीपासून हिवरा आश्रमपर्यंत एक रकाना रिकामा नाही. ज्यांना बॉक्सिंग कशाशी खातात माहीत नाही, त्यांनीसुद्धा बघितलेलं. साहेबांना हेच पडताळायचं होतं — लोक बॉक्सिंग बघतात, की रविवार बघतात? आणि तशी संधी आयती आली. पुढच्या रविवारी क्रिकेट होतं, त्यामुळे बॉक्सिंगच्या फायनल ढकलल्या बुधवार दुपारवर. अडीच ते तीन.

बुधवारी मी चिखलीत शेजारच्या काकूंकडे जाऊन बसले. दिनकरची मॅच सगळ्यात शेवटी. पहिला राऊंड त्याने मार खाल्ला. दुसऱ्यातही खाल्ला. घंटा झाली, तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला, आणि... तीन वाजले. निवेदिका आली, गोड हसली, आणि सुरू झालं कपाशीवरच्या बोंडअळीचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी टीव्हीला अशी थाप मारली की काकू आठवडाभर बोलल्या नाहीत. शुक्रवारच्या पेपरात एक ओळ आली, दिनकर वानखडे विजयी. कसा, काय, काही नाही.

शनिवारी वह्या घ्यायला निघाले. सगळीकडे बुधवार दुपार कोरी. लोक शेतात होते, कोण बघणार? उंद्रीच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "उंद्रीत सोमवारपासून लाईट नाही मॅडम, डीपी जळाली. काल सांजच्याले आली." म्हटलं चला, उंद्रीचं पण शून्य.

मावशींकडे वही उघडली. बुधवार, अडीच ते तीन — खूण. माणसं सदतीस. तीनच्या पुढच्या रकान्यातही खूण, आणि बाजूला गुरुजींच्या बारीक अक्षरात, 'तीन वाजून सात मिनिटांपर्यंत'.

"गुरुजी, हे काय आहे? गावात लाईट नव्हती ना?"

"नव्हती."

"मग टीव्ही कसा बघितला?"

"मॅडम, मी जल्मात खोटं लिहिलं नाही. लाईट नव्हती हे बी खरं हाये, आन् पाह्यलं हे बी खरं हाये."

"असं कसं होईल?"

"ते मले काऊन इचारता? मले समजलं असतं तं समासात लिहून देल्लं असतं."

मी चिडून विचारलं, भूतबित म्हणायचंय का तुम्हाला? तर गुरुजी माझ्यापेक्षा जास्त चिडले. "आमी बुद्धाले मानणारी माणसं. देवाले मानत नाही, तं भुताले काऊन मानू?"

मग मावशींनी सांगितलं. पोराची फायनल म्हणून आळीतलं कोणी त्या दिवशी वावरात गेलं नव्हतं. लाईट येईल या आशेवर सगळे दोनपासूनच येऊन बसले. अडीच वाजले तसं मावशींनी नुसतं शटर उघडलं. "म्हटलं, पोरगा तिकडं उभा असन, इकडं दार बंद ठेवून कसं चालन?" आणि पडदा उजळला. आवाज नाही, खरखर नाही, फक्त चित्र. सदतीस माणसं गप बसून राहिली. कुणी घाबरलं पण नाही, कारण सगळ्यांना वाटलं लाईट आली! मॅच संपली, चित्र गेलं, आणि एकजण पंखा लावायला उठला तेव्हा कळलं की लाईट नाहीच.

"आणि तिसरा राऊंड?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"पाह्यला ना," मावशी म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरलेला. "जितला तो. पण त्याचा उजवा अंगठा मोडला वो माय. चार दिस झाले, घास उतरत नाही मले."

वही पिशवीत टाकली आणि निघाले. गाडीत बसल्यावर वही पुन्हा काढून तो रकाना चारदा वाचला. भीतीने नाही हो, उत्साहाने. तिसरा राऊंड जर टीव्हीवर दाखवलाच नाही, तर यांनी बघितलं तरी काय?

सोमवारी साहेब बुलढाण्याला आले. आकडा बघून त्यांनी वीज ऑफिसात चौकशी केली आणि मला समोर उभं केलं. "वीज नाही आणि सदतीस प्रेक्षक? घरी बसून भरलीत ना?" मी शपथा घेतल्या. त्यांनी एक कोरी वही काढून दिली. "गुरुवारपर्यंत उंद्रीचं शून्य लिहून, सही घेऊन आणा. कोरी वही ही एकच आहे माझ्याजवळ. नाहीतर तुमचं नाव यादीतून जाईल."

दुसऱ्याच दिवशी दुपारी मी उंद्रीत हजर. गुरुजींना सगळं सांगितलं, जळगाव जामोदसुद्धा. गुरुजी हट्टाला पेटले. "सदतीस माणसं बसली होती. शून्य कसं लिहू?" शेवटी मावशीच म्हणाल्या, "लिहा वो गुरुजी. पोरीचं शिक्षण जाते. आपण पाह्यलं ते कोनी डोळ्यातून काढून नेत नाही."

गुरुजींनी चष्मा पुसला, पेनचं टोपण काढलं. मी त्यांना थांबवलं असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरं सांगते, मी वही नीट उघडून त्यांच्यापुढे सरकवली.

तेवढ्यात ओट्यावर बुटांचा आवाज आला. दिनकर! पाठीवर बॅग, आणि उजव्या हाताला मनगटापासून अंगठ्यापर्यंत प्लास्टर. मावशी उठल्या, त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "अंगठाच ना?"

"तुले कोनं सांगतलं माय? मी तं तुले काळजी नको म्हणून कळवलंच नाही."

मी उभीच राहिले. म्हटलं, "दिनकरभाऊ, बसा, पाणी नंतर. तिसरा राऊंड सांगा, पहिल्या मिनिटापासून."

"थांब बे दिनकर," गुरुजी ओरडले, "एक शब्द बोलू नको." आणि त्यांनी समोरचीच वही ओढली. ती कोरी वही! भराभरा लिहीत सुटले. पानभर लिहिलं, पान फाडून घडी घातली, माझ्या हातात दिलं. "हे पकडा. आता तू बोल."

दिनकर बावचळला, पण सांगू लागला. तिसऱ्या राऊंडला सुरुवातीलाच उजव्या ग्लोव्हची लेस सुटली. पंचाने मॅच थांबवून त्याला कोपऱ्यात पाठवलं. परत आल्यावर पहिलाच ठोसा उजव्याने मारला, तो समोरच्याच्या कोपरावर बसला आणि अंगठा कडकन गेला. मग उजवा हात नुसता तोंडासमोर धरून तो डाव्यानेच लढला. डाव्याचे तीन ठोसे लागोपाठ, तिसऱ्याला समोरचा गुडघ्यावर.

मी घडी उघडली. मोठ्याने वाचू लागले. लेस. कोपरा. डाव्याचे तीन. सगळं त्याच क्रमाने. आणि खाली एक ओळ जास्तीची — 'दिनकरची बनियान लाल, समोरच्याची निळी.'

"लालच होती," दिनकर म्हणाला. मग त्याने शटरच्या टीव्हीकडे पाहिलं. "पण गुरुजी, हा तं ब्लॅक अँड व्हाइट हाये."

मी म्हटलं, निदान स्पर्धेवाल्यांकडे शूटिंग असेल, मागवून बघू. दिनकरने मान हलवली. "कायचं शूटिंग मॅडम? टाइम संपला तसे टीव्हीवाले उठले. मी तिसऱ्या राऊंडले उभा राह्यलो तवा ते वायरी गुंडाळून राह्यले होते. कॅमेऱ्यावर कपडा टाकला होता."

सांगते तुम्हाला, त्या क्षणी जो आनंद झाला तसा मला पुढे आयुष्यात दोन-तीनदाच झाला असेल. का झाला ते नाही सांगता येणार. मी हसत होते, मावशी रडत होत्या, आणि गुरुजी पुन्हापुन्हा आपलंच अक्षर वाचत होते. शून्य लिहायचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. लिहिणार तरी कशात?

गुरुवारी मी साहेबांसमोर सदतीसवाली वहीच ठेवली. नवी वही कुठे, विचारल्यावर म्हटलं, भरली. त्यांनी उंद्रीची वही बाद केली आणि माझं नावही खोडलं. बुधवार दुपारचा बॉक्सिंगचा आमच्या जिल्ह्याचा आकडा शून्य म्हणून गेला, आणि दुपारची वेळ निकामी ठरली. आकडेशास्त्राने बघाल तर साहेबांचं चुकलं नाही. मीही तेच केलं असतं.

कारण विचाराल तर आजही नाही. बॅटरीवर चालला असेल, तिघाचौघांनी मिळून रचलं असेल, योगायोग असेल — सगळं मी स्वतःच मांडून स्वतःच खोडलं आहे. बंद टीव्हीवर न काढलेलं चित्र, तेही रंगीत, सदतीस लोकांना कसं दिसलं ते मला माहीत नाही. सेवानिवृत्त झाले, अजून माहीत नाही.

त्या गुरुवारी मात्र मला कारणाची पडलीच नव्हती. घरी जाऊन दादांना तोंड कसं दाखवायचं, एवढंच होतं. ते ओसरीवर पेपर वाचत बसले होते. नोकरी गेली म्हणून सांगितलं आणि मग राहवेना, सगळंच सांगून टाकलं. दादा कधी कुणाचं पूर्ण ऐकून घ्यायचे नाहीत, पण त्या दिवशी पेपर मांडीवर पडून राहिला.

"म्हणजे अंगठा मोडल्यावर पोरगा डाव्यानं जितला?"

"हो."

"आन् तुह्या हातात शून्य लिहून आणणं होतं, तं तू नाही आणलं?"

"नाही आणलं दादा."

त्यांनी पेपरची घडी करून बाजूला ठेवली. मग आत आईला हाक मारून म्हणाले, "एक पोस्टकार्ड दे वो. जळगाववाल्यायले कळवून टाकतो, पोरगी पुढं शिकून राह्यली म्हणून."