एका दिवसाचं फूल

विद्यापीठाच्या फाटकाशी फुलं विकणाऱ्या मंगलमावशींनी आज पुन्हा जास्वंदीची परडी माझ्यापुढे धरली. वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला फूल उभं चिरून दाखवावं लागतं. ती फुलं वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच यायची.

"मावशी, आता सगळी खरेदी ऑनलाइन झालीय," मी म्हणालो.

"मग त्यातनं मलाच सांगा की!"

त्या ऑनलाइन यादीत मावशी नाहीत. जास्वंदही नव्हती, 'इतर साहित्य' म्हणून नोंदवली, ती विभागप्रमुख साहेबांच्या मंजुरीत अडकलीय. स्वतःच्या खिशातून पैसे घालून आणत होतो, तर तेही बंद करा म्हणाले. सकाळी उमलून संध्याकाळी मिटणारं हे फूल, आणि आम्ही त्याला रांगेत उभं केलंय. हाक मारली की येणारं जे जे होतं, ते आपण असंच लांब नेऊन ठेवलं आणि वर त्याला सोय म्हणालो. आता ते परत जवळ येईल, असं मला वाटत नाही.

"एक तरी न्या, पैसे नकोत," मावशी म्हणाल्या.

ते एकच फूल वर्गभर फिरलं. शेवटच्या बाकापर्यंत पोचलं तेव्हा त्याचा पार चोळामोळा झाला होता. तिथली मुलगी ते तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली,

"सर, हे कशाचं फूल होतं?"