ढाल विसरलेले व्याही

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विषय निघाला की मी पेणच्या पापडांवर बोलायला लागायचो. आता सांगतो. माझ्या रोह्याच्या व्याह्यांइतका सावध माणूस अख्ख्या कोकणात जन्मला नसेल. धाटावच्या एका कंपनीत त्यांनी आग विझवण्याच्या खात्यात नोकरी केली. निवृत्तीनंतर कंपनी सुटली, खातं सुटलं नाही. नारळाच्या झाडाखालून जाताना ते हेल्मेट घालतात, तेही स्कूटर घरी ठेवून. लग्नाच्या हॉलात शिरले की वधूवरांच्या आधी बाहेर पडायचं दार बघतात. एकदा एसटीत नागोठणे येईपर्यंत ते मला खिडकीची काच कशी फोडायची हे शिकवत होते. शेवटी कंडक्टर म्हणाला, "काका, अजून फोडली नाय ना?"

अशा माणसाला माझ्या मुलीनं, म्हणजे त्यांच्या सुनेनं, फाशांचा खेळ शिकवला. पटावर प्रत्येकाचा एक वीर, समोर राक्षस, हातात वीस बाजूंचे फासे, आणि गोष्ट सांगत खेळ चालवणारी माझी मुलगी. सोंगट्या मी शाडूच्या करून दिल्या. जन्मभर गणपती केले, हे चार राक्षस काय जड? आपली पाळी आली की एक तर वार करायचा, नाहीतर बचाव घ्यायचा. बचाव घेतला की आपल्यावर चालून येणाऱ्यानं दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा. बाकी सगळे वार करायचे. व्याही मात्र कायम ढाल धरून उभे. पटावर शेजारच्या घरात उभ्या सोबत्यालाही त्या ढालीचा आडोसा देता येतो, फक्त फासा पडायच्या आत तसं बोलावं लागतं. ते इतक्या जोरात "ढाल!" ओरडायचे की आतून विहीणबाई म्हणायच्या, "अहो, शेजारी धावत येतील!"

"येऊंदे. शेजाऱ्यासाठीच हाय ती."

त्या दुपारी शेवटचा राक्षस अर्धमेला झाला होता आणि मला तो माझ्याच हातून मरायला हवा होता. मी ढालीशेजारचं घर सोडून पुढे सरकलो, वार केला, तो फसला. मुलीनं राक्षसाचा फासा टाकला, तो गडगडत दिवाणाखाली गेला. ती वाकून शोधत होती तेवढ्यात मी माझी सोंगटी बोटानं एक घर मागे ओढली. "वीस!" ती खालून ओरडली. माझा वीर मेला होता.

"मी तर शेजारीच होतो," मी म्हणालो. "व्याही, ढाल कुठाय?"

माझं बोट त्यांनी पाहिलं होतं. तरी ते सुनेला म्हणाले, "व्हय गो, चूक माझी. बोलायला विसरलो." लेकीच्या सासरी, लेकीदेखत, तिच्या बापाला खोटं पाडायचं नाही, ही त्यांची रीत.

मुलगी माझ्याकडे बघून हसली. "बाबा, आता तुम्ही नुसते बघा हं."

ती ते विसरूनही गेली. व्याही मात्र विसराळू ठरले, म्हणून तेव्हापासून खेळत नाहीत; दाराजवळ बसतात आणि खेळणाऱ्यांना चहा देतात. घरात कुणी काही विसरलं की "ढाल झाली" म्हणायची पद्धत पडली आहे, आणि त्यावर सगळ्यात मोठ्यानं मी हसतो.

माफी मागायला मी गेलो नाही असं नाही. त्यांनी पोपटीला, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा खायला, बोलावलं होतं. मडकं उपडं केलं, वालाच्या शेंगा वाफाळत होत्या. मी म्हटलं, "व्याही, तो खेळ..." "आधी शेंगा खावा. निवल्या की मजा नाय," म्हणत त्यांनी माझ्यापुढे एवढा ढीग ओतला की बोलायला तोंडच उरलं नाही. माझ्या माफीवरही त्यांनी बचाव घेतला.

परवा त्यांचा फोन आला. मुलगी नवा डाव मांडते आहे. "मला बसा म्हणते," ते म्हणाले. आवाज इतका उजळ बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. मग हळूच, "बसू? परत विसरलो तर?"

"बसा," एवढंच मला जमलं. रविवारी रोह्याला जातो आहे. सगळे पटाभोवती बसले की लेकीदेखत, विहीणबाईंदेखत म्हणायचं ते हे: व्याही, तुम्ही काही विसरला नव्हता. मीच पुढे गेलो होतो, आणि तुमच्या डोळ्यांदेखत सोंगटी मागे ओढली. माझं चुकलं.